पानावर पसरलं, पण आत गेलं का?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहिलं आहे, पण बोलले होते जवळजवळ तसंच.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल, वीस मिनिटं." माझं क्षेत्र म्हणजे सॉफ्टवेअर. त्यावर मी वीस मिनिटं बोलले तर जेवणाच्या आधीच निम्मा वर्ग डुलक्या घेईल. आठवीच्या भूगोलाच्या तासाला घ्यायचो तशा. बाई, सॉरी. आणि समोर बघतेय तर आपल्यातले बरेच जण अजून शेती करतायत, दोघांची कृषी सेवा केंद्रं आहेत, आणि उरलेल्यांचं घरी कुणी ना कुणी रानात आहेच. म्हणून मी आज हरळीवर बोलणार आहे. हसू नका. हरळीच्या पानावर पडलेला औषधाचा थेंब पानाच्या आत जातो की नाही, एवढ्या एका गोष्टीपायी मी माझ्या दादाचं एक वर्ष वाया घालवलंय. ते कसं, ते सांगते.

२०१९ चा मे महिना आठवतो ना? आदल्या वर्षी पाऊस नव्हता, सीना कोरडी, छावण्या लागल्या होत्या. दादाने ओढ्याकडच्या पडीक एकरात कागदी लिंबू लावायचं ठरवलं होतं. रान हरळीने भरलेलं. पूर्वी आमचे आबा उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वर काढायचे आणि घरातले सगळे बसून त्या वेचायचे. त्या वर्षी मजूर मिळेना. दादा म्हणाला, तणनाशक मारतो. तेव्हा सगळे मारत तेच, ग्लायफोसेट.

मी पुण्यात बसून व्हिडिओ बघत होते. एका व्हिडिओत दोन थेंब दाखवले होते. एक साध्या पाण्याचा, पानावर मोत्यासारखा उभा. दुसऱ्या पाण्यात सिलिकॉनचं स्प्रेडर घातलेलं. तो थेंब पानावर पडला आणि बघता बघता रुपयाएवढा पसरला. मला वाटलं, हेच ते! मी दादाला फोन केला आणि म्हटलं, "स्प्रेडर घाल, आणि दुकानदार सांगेल त्याच्या दुप्पट घाल." दुकानदाराने बरोबर सांगितलं होतं, लेबलवर लिहिलंय तेवढंच घाला. पण बहीण इंजिनिअर. दादाने दुप्पट घातलं. बोअरचं पाणी घेतलं, आणि लाइट दुपारी असायची म्हणून दुपारी बाराला फवारलं.

आठ दिवसांत हरळी तांबूस झाली, पंधरा दिवसांत वाळली. दादाने फोटो पाठवला, मी ऑफिसात चार जणांना दाखवला. जुलैत रोपं लावली. पाऊस झाला. ऑगस्टच्या शेवटी रोपांच्या आळ्यात हरळी परत हिरवीगार, आणि एकदा रोप लागल्यावर शेजारी पुन्हा ते औषध मारायची सोय नाही. पुढचं वर्षभर वहिनी खुरपं घेऊन त्या एकरात बसली. तिची कंबर तेव्हापासून दुखते. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मी हे सगळं शिकायला बसले. मी काही कृषी पदवीधर नाही. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. चुकलं तर आपले कृषी सेवा केंद्रवाले दोघं थांबवतीलच.

सर, तुम्ही सातवीत की आठवीत काचेच्या ग्लासात पाण्यावर ब्लेड तरंगवून दाखवलं होतं. मग काडीने साबणाचा एक थेंब टाकला आणि ब्लेड टुपकन बुडालं. पृष्ठताण. आम्ही व्याख्या पाठ केली, पाच मार्क मिळवले, विसरलो. सगळी गोष्ट तिथेच सुरू होते. पाण्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून थेंब गोल राहतो. या ताणाला मोजमाप आहे: साध्या पाण्याचा ताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. चांगला सर्फॅक्टंट, म्हणजे आपण ज्याला स्टिकर-स्प्रेडर म्हणतो तो, घातला की तो तिशीच्या आसपास येतो. सिलिकॉनवाल्यांनी वीस-बावीसपर्यंत खाली येतो. म्हणून तो थेंब तसा पसरला.

दुसरी बाजू पानाची. आपण अळवावरचं पाणी म्हणतो, ते उगीच नाही. अळूच्या पानावर मेणाचा थर असतो, आणि तो सपाट नसतो. त्यात डोळ्याला न दिसणारे बारीक उंचवटे असतात. थेंब त्या टोकांवर बसतो, खाली हवा राहते, आणि पान हललं की घरंगळतो. कमळाचं तसंच. आणि भाताचं, गव्हाच्या कोवळ्या पानाचंही बऱ्याच अंशी तसंच. गवताच्या कुळात हे मेण फार. त्यात पान अरुंद, उभं, थेंबाला टेकायला जागा नाही. रुंद पानाच्या तणावर जो फवारा बसतो, तो गवतावर आपटून उडतो. अक्षरशः उडतो: थेंब पानावर आपटतो, चपटा होतो, परत गोळा होतो आणि उसळतो, आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत होतं. सर्फॅक्टंटचे कण तेवढ्या वेळात थेंबाच्या नव्या पृष्ठभागावर पोचले तरच थेंब धरून राहतो. त्यामुळे बाटलीत पृष्ठताण किती कमी झाला हे एक, आणि तो किती पटकन कमी होतो हे दुसरं. बऱ्याच स्प्रेडरच्या जाहिरातीत पहिलंच दाखवतात.

इथपर्यंत मला मे २०१९ मध्येही साधारण माहीत होतं. चूक पुढे होती.

मी समजत होते, थेंब पसरला म्हणजे काम झालं. आमच्याकडे मेसेजला दोन टिका आल्या म्हणजे समोरच्याने वाचला असं समजतात, तसंच. पानावर पसरणं ही पहिली पायरी. त्यानंतर औषधाला मेणाच्या आणि त्याखालच्या क्युटिकलच्या थरातून पार व्हायचं असतं, मग जिवंत पेशीत शिरायचं असतं, मग पानातून खोडात, खोडातून जमिनीखालच्या काशांत जायचं असतं. हरळी पानात राहत नाही हो. ती काशांत राहते. पान जळलं आणि काशा जिवंत राहिली तर तुम्ही तिची फक्त हजामत केलीत.

आता क्युटिकलमधून जायचे रस्ते दोन. तेलकट स्वभावाची औषधं मेणातच विरघळून पार होतात. सोयाबीनमध्ये गवतासाठी वापरतात ते क्विझॅलोफॉप या जातीचं. त्याला तेलाची सोबत मानवते. परदेशात त्यासाठी बियांच्या तेलावर प्रक्रिया केलेली तेलं वापरतात. ती मेण मऊ करतात आणि औषधाला ओलं ठेवतात. ग्लायफोसेट याच्या अगदी उलट, पाण्यात विरघळणारं. त्याला मेण आवडत नाही. ते क्युटिकलमधल्या अतिसूक्ष्म पाणथळ वाटांनी जातं, आणि त्या वाटा हवा दमट असेल, पान पाण्याने भरलेलं असेल तेव्हाच उघड्या असतात. आणि थेंब सुकला की हे जाणं जवळजवळ थांबतं. पानावर औषधाचे कोरडे कण राहतात, आणि कोरडा कण कुठे जात नाही. रात्री दव पडलं तर थोडं परत सुरू होतं.

आता मे महिन्याची दुपार बारा आठवा. पान आधीच तहानलेलं, वाटा आक्रसलेल्या. थेंब दुप्पट पसरलेला, म्हणजे थर पातळ, म्हणजे दुप्पट वेगाने सुकणार. माझ्या हुशारीने मी औषधाला आत जायला जो वेळ मिळाला असता, तोच कमी केला होता. वर स्प्रेडर जास्त झालं की ते स्वतःच पानाच्या पेशी भाजतं. भाजलेलं पान तांबूस दिसतं, आपण खूश होतो, पण भाजलेल्या पानातून खाली काही वाहत नाही. दादाने पाठवलेला फोटो खरा होता. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला.

सिलिकॉनच्या स्प्रेडरबद्दल वाचताना मला न्यूझीलंडमधली दोन कामं सापडली, आणि ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. १९८८ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की रायगवतावर ग्लायफोसेटबरोबर सिलिकॉनचं सर्फॅक्टंट दिलं तर द्रावण पर्णरंध्रांतून थेट आत शिरतं, आणि त्यामुळे फवारणीनंतर पावसाची जी उघडीप लागते ती बरीच कमी होते. साध्या सर्फॅक्टंटने हे होत नाही, कारण रंध्रातून पाणी आत जायला पृष्ठताण फारच खाली यावा लागतो. ऐकायला छान वाटतं ना? पण १९९३ मध्ये त्याच देशातल्या दुसऱ्या संशोधकांचा निबंध आला: गहू आणि इतर काही गवतांवर याच प्रकारच्या सर्फॅक्टंटने ग्लायफोसेटचं शोषण वाढण्याऐवजी घटतं. औषध तेच, मदतनीस तोच, गवत वेगळं, परिणाम उलटा. म्हणजे "गवतावर स्प्रेडर चांगलं की वाईट" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठलं गवत, कुठलं औषध, किती प्रमाण, कुठल्या वेळी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. माझ्या कामात कुणी नुसतं "प्रोग्रॅम चालत नाही" असं सांगितलं की मी चिडते. इथे मी स्वतः तेच करत होते.

आता पाणी. हा भाग आपल्या गावासाठी सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबते.

सुफेन पाणी, दुष्फेन पाणी. आठवलं? साबणाला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. आपण घरी जड पाणी म्हणतो. आपल्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. भांड्याच्या तळाला, हिटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो यांचाच. ग्लायफोसेटचा रेणू ऋणभारित, आणि कॅल्शियम धनभारित. दोघं पंपातच एकमेकांना धरतात आणि तशा जोडीने पानात शिरणं ग्लायफोसेटला अवघड जातं. म्हणजे दुकानातून आणलेल्या औषधाचा काही हिस्सा आपण रानात जायच्या आधी, बादलीतच, बोअरला देऊन टाकतो. ओढ्याचं गढूळ पाणी घेतलं तरी तेच. मातीचे कण ग्लायफोसेटला घट्ट धरतात. म्हणून तर ते जमिनीत पडल्यावर मुळांवाटे फारसं काम करत नाही.

यावरचा उपाय फार जुना आणि स्वस्त आहे: अमोनियम सल्फेट, खताचंच. पाण्यात एक ते दोन टक्के, म्हणजे दहा लिटरला शंभर ते दोनशे ग्रॅम. सल्फेट कॅल्शियमला अडकवून ठेवतं, अमोनियम ग्लायफोसेटबरोबर जातं, आणि ही जोडी पानात सहज शिरते. शिवाय थेंब सुकताना औषधाचे स्फटिक लवकर होत नाहीत. पण क्रम पाळायचा. आधी पाणी, मग अमोनियम सल्फेट पूर्ण विरघळवायचं, फडक्यातून गाळायचं, आणि मगच औषध. औषध आधी टाकलंत तर कॅल्शियमने त्याला आधीच पकडलेलं असतं. सोयाबीनवाल्यांनो, इमॅझेथापायरच्या काही पॅकमध्ये सोबत अमोनियम सल्फेट आणि सर्फॅक्टंट वेगळे मिळतात, ते याच हिशेबाने. मागे बसलेल्या आपल्या एका मित्राने मला सकाळी सांगितलं की तो ती पुडी बाजूला ठेवतो आणि युरिया टाकतो. नाव घेत नाही.

आणि एक: डब्यात मिळणाऱ्या ४१ टक्के ग्लायफोसेटमध्ये सहसा कंपनीने सर्फॅक्टंट आधीच घातलेला असतो. आपण वर आणखी घालतो तो आमटीत दुसऱ्यांदा मीठ.

२०२० चा लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन गावी आले. तीन महिन्यांसाठी आले, चौदा महिने राहिले. जुलैत चांगला पाऊस झाला होता, हरळी जोमात होती. मी दादाला म्हटलं, बागेच्या बाहेर जो पट्टा आहे त्यात आपण बघू. दादा म्हणाला, "आता परत?" मी म्हटलं, या वेळी मी फोनवर सांगणार नाही, सोबत उभी राहते.

आमच्या कामाचा एक साधा नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आदल्या वर्षी आम्ही पाणी, वेळ, प्रमाण आणि मुळात तहानलेलं गवत अशी चार गोष्टींची खिचडी केली होती, मग कुणामुळे बिघडलं ते कळणार कसं? म्हणून दहा-दहा पावलांचे पाच पट्टे आखले, काठ्या रोवल्या, जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या. पंप एकच, नोझल एकच, औषधाचं प्रमाण एकच, सकाळी आठची वेळ एकच. पहिल्या पट्ट्याला नुसतं बोअरचं पाणी आणि औषध. दुसऱ्याला बोअर, अमोनियम सल्फेट, औषध. तिसऱ्याला पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी आणि औषध. चौथ्याला दुसऱ्यासारखंच, वर सिलिकॉन दुप्पट, माझ्या आवडीचं. पाचव्याला दुसऱ्यासारखंच, वर साधं स्टिकर लेबलप्रमाणे.

पहिल्या आठवड्यात चौथा पट्टा सगळ्यांच्या पुढे. तांबूस, सुकलेला, फोटो काढावा असा. दादा माझ्याकडे बघून हसला. दीड महिन्याने बघितलं तर चौथ्यात हिरवे कोंब दिसायला लागले होते. पहिल्यात तर सगळ्यात जास्त. दुसरा, तिसरा आणि पाचवा यांच्यात आम्हाला काही फरक करता आला नाही. तिन्ही बऱ्यापैकी मेलेले. वहिनीने खुरप्याने उकरून काशा वर काढल्या. दुसऱ्या-तिसऱ्यातल्या काशा तपकिरी, मोडल्या की कोरड्या. चौथ्यातल्या बऱ्याचशा आतून पांढऱ्या, ओल्या. ती म्हणाली, "हे बघा, हे जिवंत हाय." एवढं एक वाक्य, आणि माझा आदल्या वर्षीचा फोटो निकालात निघाला.

आता हा प्रयोग नव्हे, हे मी तुमच्याआधी सांगते. प्रत्येक गोष्ट एकदाच केली, एकाच जागी, एकाच वर्षी. चौथा पट्टा ओढ्याच्या बाजूला होता, तिथे ओल जास्त असेल. कृषी विद्यापीठात कुणी हे निबंध म्हणून नेलं तर परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. पण जे वाचलं होतं त्याच्याशी ते जुळत होतं, आणि काशा उकरून बघायची सवय मला त्यातून लागली, ती राहिली.

एवढं सांगितल्यावर कुणाला वाटेल मी तणनाशकाची जाहिरात करतेय. तसं नाही, आणि हा भाग मला आज सगळ्यात जास्त सांगायचा होता.

जे पानाच्या मेणातून आत शिरायला मदत करतं, ते आपल्या कातडीवर येऊन लाजत नाही. आपल्या कातडीचाही वरचा थर स्निग्धच आहे. साधं पाणी हातावरून ओघळून जातं; स्टिकर घातलेलं पाणी चिकटतं, पसरतं, नखाच्या कडेत जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ती कीटकनाशकं होती, आपण बोलतोय त्यापेक्षा कितीतरी जहाल, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करत नाही. पण फवारणाऱ्याच्या अंगावर औषध कसं येतं, ते तसंच: गळका पंप, उघडे पाय, वाऱ्याच्या तोंडाला फवारणं, आणि उरलेलं हाताने ढवळणं. पहिल्या वर्षी दादाने माझ्या सांगण्यावरून दुप्पट घातलेलं ते द्रावण अनवाणी फवारलं होतं. मी फोनवर प्रमाण विचारलं, पाण्याचं विचारलं, खर्च विचारला. पायात काय घातलंस, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ग्लायफोसेटबद्दल स्वतंत्र वाद आहेतच. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. इतर काही नियामक संस्थांना ते पटलेलं नाही. पण मदतनिसाचीही वेगळी कहाणी आहे, ती कमी जणांना ठाऊक असते. जुन्या ग्लायफोसेटच्या द्रावणात चरबीपासून केलेला एक सर्फॅक्टंट असायचा. मासे, बेडकांची पिल्लं यांना तो मूळ औषधापेक्षा जास्त घातक, असं अभ्यासांत दिसलं, आणि युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांत तो वापरायला बंदी केली. म्हणजे लेबलवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं त्याच्यापेक्षा, ज्याचं नाव लिहिलेलंच नसतं तो कधीकधी जास्त त्रासदायक. पंप ओढ्यात धुणारे जे कोण आहेत, त्यांनी एवढं ऐकलं तरी माझे वीस मिनिटं वसूल.

आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने आदेश काढून आपल्याकडे ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांमार्फत वापरावं असं ठरवलं. आमच्या पट्ट्यांचा उद्योग त्याआधीचा. त्यानंतर दादाने ते बंद केलं. बागेत आता उसाचं पाचट अंथरतो, ओळींमध्ये ग्रासकटर चालवतो, आणि बांधाकडची हरळी आबांच्या पद्धतीने: एप्रिलात नांगर, काशा उन्हात. पूर्ण जात नाही. पण पाचटाखाली तिला ऊन मिळत नाही आणि तिचा जोर कमी होतो, हे वहिनी रोज बघते आणि मला रविवारी फोनवर सांगते. सोयाबीनच्या तुकड्यात मात्र तो अजून तणनाशक वापरतो, पण हातमोजे, गमबूट घालून, सकाळी, लेबलवर लिहिलंय तेवढंच.

संयोजक घड्याळ दाखवतायत. सकाळी चहाला तीन-चार जणांनी जे विचारलं, त्याची उत्तरं एकदमच देते. शाम्पूची पुडी किंवा धुण्याची पावडर टाकली तर चालते का? फेस होतो, पंपाचा अंदाज चुकतो, पावडरीत सोडा असतो, आणि आत नेमकं किती काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. साबणाचा तर जड पाण्यात साका होतो. तेव्हा नको. साखर-गूळ? त्याने थेंब थोडा वेळ ओला राहत असेल, पण त्यापेक्षा सकाळी लवकर फवारा, ते फुकट आहे. आपल्या बोअरचं पाणी जड आहे का, कसं ओळखायचं? बाटलीत पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चुरा टाका, हलवा. सर, तुमचाच प्रयोग. मोजून आकडा हवा असेल तर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पाण्याची बाटली द्या.

आणि नुसतं ऐकून पटत नसेल, तर बाहेर व्हरांड्यात, आपल्या जुन्या प्रयोगशाळेच्या दाराशी, मी एक टेबल मांडून ठेवलंय. त्यावर अळूची चार पानं आहेत, गव्हाची कुंडी आहे, शेजारच्या मळ्यातून आणलेली हरळी आहे, दोन ड्रॉपर आणि दोन बाटल्या: एकीत साधं पाणी, एकीत स्टिकरचं. औषध कशातच नाही, तरी हातमोजे ठेवलेत, घाला. ग्लासात पाणी आणि एक ब्लेडही आहे. चहा घेऊन तिकडेच या. सर, पहिला थेंब तुम्ही टाका.